अंगाला व्यायाम, गावाला हातभार

“शेतकऱ्याला व्यायाम कशाला? दिवसभर शेतात राबतो, तेवढे पुरे नाही का?” असे आमचे शेतकरी बंधू-भगिनी नेहमी विचारतात. वरवर पाहता त्यांचे म्हणणे खरे वाटते. ज्या बाईने सकाळपासून कपाशी निंदली, तिला संध्याकाळी उठाबशा काढायला सांगणे ही थट्टाच ठरेल. तरीही या प्रश्नाचा जरा बारकाईने विचार करणे अगत्याचे आहे.

शेतातील काम हे कष्टाचे असते, पण ते सर्वांगाचे नसते. निंदताना कंबर तासन्‌तास वाकलेली राहते. कापूस वेचताना मान आणि बोटे झिजतात. संत्र्याच्या तोड्याला हात सतत वर धरावे लागतात. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की सारा भार खांद्यांवर येतो. अशा कामाने एकच अवयव दुखतो. छाती, मांड्या आणि शरीराचा तोल यांना पुरेसा सराव मिळत नाही. शिवाय काम बारमाही नसते. वखरणीला ट्रॅक्टर आला, ओलिताला मोटार आली, शेतावर जायला फटफटी आली. कापूस घरी आला आणि बाग ताणावर सोडली की पुष्कळांचे दिवस पारावर बसून जातात. बोरगावच्या कारखान्यात पाळी करणारे आणि बाजारात दुकान चालवणारे यांचे तर बसणे बारमाहीच आहे.

याचे परिणाम दिसू लागले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्के लोकांना रक्तदाबाचा विकार आहे. खेड्यांतही मधुमेहाचे प्रमाण ८.९ टक्के निघाले. म्हणजे साधारण अकरा माणसांमागे एक. ‘साखरेचा रोग शहरातल्या शेठजींचा’ ही जुनी समजूत आता सोडून द्यावी. चालताना, खणताना, ओझे उचलताना स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. म्हणूनच नियमित हालचाल हे या रोगावरचे मोठे औषध आहे.

किती हालचाल करावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे: प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे काम करावे. पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही करावा. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे. काम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

एकट्याचा व्यायाम टिकत नाही

हे सर्व ऐकून माणूस उत्साहाने पहाटे फिरू लागतो. आठ दिवस जातो, नवव्या दिवशी अंग जड वाटते आणि दहाव्या दिवशी सारे संपते. आपली कोणी वाट पाहत नाही, हे त्याचे कारण. दुसरीकडे गावाच्या कामाचेही तसेच होते. वर्षातून एकदा झाडू घेऊन फोटो निघतात आणि नाली पुन्हा तुंबते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, या दोन लंगड्यांनी एकमेकांचा आधार घ्यावा. व्यायामाच्या तासातच गावाचे काम करावे. काम ठरलेले असले, सोबती वाट पाहत असले, म्हणजे आळस आला तरी पाय बाहेर पडतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की प्रथम खराटा हाती घेत. गाव झाडून झाल्यावर मग रात्री कीर्तन. त्याच जिल्ह्यातील तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत ग्रामसफाईला मानाचे स्थान दिले. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तेथे ठिकठिकाणच्या तरुणांनी भर उन्हाळ्यात कुदळ-फावडे चालवले. अंगमेहनत आणि सेवा या वेगळ्या गोष्टी नाहीत, हे या मंडळींनी करून दाखवले.

शेजारच्या वरूडचा धडा

अगदी जवळचे उदाहरण हवे असेल तर पांढुर्ण्याची सीमा ओलांडून वरूड तालुक्यात जावे. तेथेही आपल्यासारखीच संत्र्याची बाग, आपल्यासारखेच खोल गेलेले पाणी. २०१६ साली पानी फाउंडेशनने ‘वॉटर कप’ ही गावागावांची स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी महाराष्ट्रातील तीनच तालुके निवडले: वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. या तालुक्यांतील ११६ गावे स्पर्धेत उतरली. प्रत्येक गावातील निवडक स्त्री-पुरुषांना आधी शिकवण देण्यात आली आणि मग गावकऱ्यांनी उन्हाळ्यात श्रमदानाने चर खणले, दगडी बांध घातले. ऊन टाळण्यासाठी कोणी पहाटे, कोणी रात्री काम करी.

२०१७ साली स्पर्धा ३० तालुक्यांत गेली आणि पहिला क्रमांक वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या काकडदरा या लहानशा गावाने मिळवला. २०१८ साली ७५ तालुके झाले; त्या वर्षी १ मे रोजी शहरांतून हजारो ‘जलमित्र’ खेड्यांत येऊन घाम गाळून गेले. २०१९ नंतर ही स्पर्धा थांबली. पण घ्यायचा तो धडा शिल्लक आहे: रोज ठरलेली वेळ, मोजता येणारे काम आणि सोबत, या तीन गोष्टी मिळाल्या की ज्यांनी कधी फावडे धरले नव्हते तेही दीड महिना टिकले.

लंडन शहरात ‘गुडजिम’ नावाची एक संस्था आहे. तिचे सभासद मिळून धावत एखाद्या ठिकाणी जातात, तेथे माती वाहणे, बाग साफ करणे असे काम करतात आणि धावतच परततात. काहीजण धावत जाऊन एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करतात. गंमत अशी की तेथे त्या वृद्धालाच ‘कोच’, म्हणजे व्यायामाचा गुरुजी, म्हणतात. आजोबा वाट पाहत आहेत, म्हणून तरुणाला धावणे भाग पडते. यात उपकार कोणी कोणावर करत नाही. दोघांनाही लाभ होतो. आपल्याकडेही मुले नागपूरला गेली आणि म्हातारी माणसे घरी उरली, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. त्यांना गुरुजी करण्यास काय हरकत आहे?

तास कसा घालवावा

दहा ते वीस जणांचा गट करावा. आठवड्यातून तीन सकाळी ठरवाव्यात. पहिली दहा मिनिटे झपझप चालत कामाच्या जागी जावे. तेथे दोन-चार मिनिटे खांदे, कंबर आणि गुडघे हळूहळू मोकळे करावेत. मग चाळीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे परतीची चाल. तीन दिवसांत १५० मिनिटांहून अधिक श्रम सहज होतात आणि खणण्या-उचलण्याने स्नायूंचा व्यायामही साधतो.

घमेली देण्यासाठी रांग करावी. मात्र अर्ध्या वेळाने सर्वांनी तोंडे फिरवावीत, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंना सारखे काम मिळते. ओझे उचलताना कंबरेत वाकू नये. गुडघे वाकवून, घमेले अंगाशी धरून उठावे. खणणाऱ्याने आणि भरणाऱ्याने दर दहा मिनिटांनी जागा बदलावी.

एवढ्याशा वेळात काय होणार, अशी शंका येईल. हिशेब करून पाहावा. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर खणला तर एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावते. मऊ जमिनीत वीस जणांनी प्रत्येकी एक मीटर खणला तर एका सकाळी वीस मीटर, म्हणजे एका भरण्यात ३,६०० लिटर पाणी अडेल. मुरमाड जमीन असली तर निम्मे धरावे. पावसाळ्यात चर अनेकदा भरतो आणि जिरतो. मात्र चर उताराला आडवा आणि समपातळीतच हवा, नाहीतर पाणी एका टोकाला धावून बांध फोडते. त्यासाठी ‘ए’ अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट करून मध्ये ओळंबा लावावा आणि तिने आखणी करावी. माती उताराच्या खालच्या बाजूला, काठापासून थोडे अंतर सोडून टाकावी.

वर्षाची वाटणीही अशी करता येईल. एप्रिल-मे महिन्यांत चर, दगडी बांध आणि विहिरीभोवतीची सफाई. पावसाळ्यात झाडे लावणे, नाल्या मोकळ्या करणे. वेचणीच्या आणि तोड्याच्या दिवसांत जड काम नको. तेव्हा चालत जाऊन वृद्धांना औषध आणून देणे, पाणी भरणे, लाकूड फोडणे एवढेच ठेवावे. वृद्धांनाही नुसते बसवून ठेवू नये. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे, खुर्चीवरून दहा वेळा उठणे, असे त्यांच्याकडून करवून घ्यावे. पाय मजबूत राहिले तर पडणे टळते.

सावधगिरी

• उन्हाळ्यात साडेसातच्या आत काम आटोपावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते जवळ ठेवावे. साखरेच्या रोग्यांनी मात्र एरवी साधे पाणीच प्यावे. कोणी बरळू लागला, अंग तापले, तर सावलीत नेऊन ओल्या फडक्याने अंग पुसावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

• छातीत दुखणारे, रक्तदाबाचे व गरोदर भगिनी यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. साखरेची गोळी किंवा सुई घेणाऱ्यांनी उपाशीपोटी खणू नये. चक्कर व घाम आल्यास लगेच खाण्यासाठी खिशात साखर ठेवावी.

• दगडाखाली हात घालू नये. आधी सब्बलीने उलटवावा; विंचू तेथेच असतो.

• पंचायतीला विचारल्याशिवाय सार्वजनिक जागेत आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय जंगलात खणू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. श्रमदान हे गावाच्या कामासाठी आहे, एखाद्या मोठ्या बागाइतदाराचा बांध फुकट घालून देण्यासाठी नाही. ज्याचे पोट रोजीवर आहे, त्याच्यावर येण्याची सक्ती करू नये. त्याचे अंग आधीच झिजलेले असते, त्याला विश्रांती हाच उपचार. ज्यांची कामे बसून होतात त्यांनी फावड्याला प्रथम हात घालावा. आणि पाणी अडले म्हणून नवे बोअर खणण्याची घाई झाली, तर सारा घाम वाया जाईल हेही लक्षात ठेवावे.

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. सरकारी कचेऱ्या जवळ आल्या, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तुंबलेली नाली आणि एकटे राहणारे आजोबा यांच्यासाठी कचेरीची वाट पाहण्याचे कारण नाही. या आठवड्यात पाच घरांनी मिळून दोनच गोष्टी ठरवाव्यात: कोणती सकाळ आणि कोणते काम. काम लहान निवडावे, पण ते संपवावे. संपलेले काम डोळ्यांनी पाहिले की पुढच्या सकाळी हाक मारावी लागत नाही.