आत्या

आत्या : वडिलांची बहीण. ‘आत’ व ‘आते’ ही या शब्दाची अन्य रूपे असून आदरार्थी ‘आत्याबाई’ असे म्हणतात. तिच्या मुलांस आतेभाऊ व आतेबहीण, तर पतीस काही ठिकाणी ‘आतोबा’ व काही ठिकाणी ‘मामा’ म्हणतात.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘मातृष्वसा’पासून मराठीत ‘मावशी’ हा शब्द आला, परंतु ‘पितृष्वसा’चा वारसा मराठीत रूढ झाला नाही. तो बंगाली ‘पिसी’ या शब्दात आढळतो. ‘आत्या’चे मूळ प्राकृत ‘अत्ता’ या शब्दात आहे. जोडव्यंजन सुटे होऊन आधीचा स्वर दीर्घ होणे, हा ‘सत्त–सात’, ‘हत्थ–हात’ यांत दिसणारा नियम येथेही लागू पडतो. हाल सातवाहनाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या गाथासप्तशती त ‘अत्ता’ हा शब्द सासूसाठी येतो. हेमचंद्राने बाराव्या शतकात देशीनाममाला या कोशात त्याचे आई, आत्या, सासू व सखी असे चार अर्थ दिले आहेत. कन्नड ‘अत्ते’ व तेलुगू ‘अत्त’ या शब्दांचेही आत्या व सासू असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे प्राकृत शब्द द्राविडी भाषांतून आला असावा, असे मत आहे. मात्र अमरकोशा त नाट्यपरिभाषेत थोरल्या बहिणीस ‘अत्तिका’ म्हटले आहे. शिवाय असे शब्द बालभाषेतून अनेक भाषांत स्वतंत्रपणेही निर्माण होतात.

विवाहसंबंध व अर्थ : आत्या व सासू हे अर्थ एकत्र येण्याचे कारण विवाहपद्धतीत आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणे संमत होते. अशा विवाहात वधूची आत्याच तिची सासू होते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर व दक्षिण भारतीय आप्तव्यवस्थांच्या सीमेवरील या प्रदेशाची चर्चा केली आहे. पूर्वीचे नाते नसतानाही सासूस ‘आत्याबाई’ व सासऱ्यास ‘मामंजी’ म्हणण्याची रीत हा याच प्रथेचा अवशेष होय. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमानुसार भाऊ व बहीण यांच्या अपत्यांचा परस्परविवाह निषिद्ध आहे. मात्र तशी रूढी असल्यास तो वैध ठरतो.

प्रचलित वापर : बारशाच्या वेळी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. कल्याण-डोंबिवलीसारख्या ठाणे जिल्ह्यातील शहरांत खानदेशी कुटुंबांची ‘फुई’, गुजराती ‘फोई’ व हिंदी ‘बुआ’ हे शब्द ‘आत्या’च्या शेजारी ऐकू येतात. ‘आंटी’ या शब्दाने मात्र आत्या, मावशी, काकू व मामी यांतील भेदच पुसला जातो. हा भेद केवळ शब्दांचा नसून नात्यांतील मान व कर्तव्ये यांचाही आहे.