विकर बिघडलं की भाताला वास येतो

कर्जतजवळच्या कडावच्या आसपास पावसाळ्यात जिकडे बघावं तिकडे भाताची खाचरं. त्यातलं एखादं आंबेमोहोराचं असेल, तर फुलोऱ्याच्या दिवसांत वास बांधापर्यंत येतो. ‘विकरातलं उत्परिवर्तन आणि त्याची उत्प्रेरक क्षमता’ असा जड मथळ्याचा प्रकल्प पदरी पडलेल्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेआधी अशा बांधावर यावं.

या वासाचा मुख्य रेणू २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन, थोडक्यात २एपी. भाताच्या आठव्या गुणसूत्रावरचं एक जनुक बीएडीएच२ नावाचं विकर बनवतं. एका अल्डिहाइडचं ‘गाबा’ या आम्लात रूपांतर करणं हे त्याचं काम. विकर धड असलं की अल्डिहाइड साठत नाही आणि भात बिनवासाचा राहतो. ते निकामी झालं की तोच अल्डिहाइड वळून कड्यासारखा रेणू बनतो आणि त्यातून २एपी तयार होतो. पंगतीत ज्या सुवासाचं कौतुक होतं, तो वनस्पतीच्या लेखी बिघाडच आहे.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हा बिघाड नेमका दाखवला. सुवासिक जातींत या जनुकाच्या सातव्या एक्झॉनमधली आठ अक्षरं गळालेली असतात. डीएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. ‘कमळ नजर गवत मगर’ यातली ‘म’ आणि ‘ळ’ काढा, उरतं ‘कनज रगव तमग र’. आठाला तिनाने भाग जात नाही, म्हणून तिथेही पुढचं सगळं वाचन असंच सरकतं, लवकरच ‘थांबा’चा संकेत लागतो आणि ५०३ अमिनो आम्लांचं विकर २५१ वरच तुटतं. गळालेली अक्षरं तीनच्या पटीत असती, तर एखाद-दुसरं आम्ल कमी झालं असतं आणि विकर कदाचित थोडंफार चाललंही असतं.

आता हात घालायचा तो असा. ज्याच्या वासाची खात्री आहे असा एक भात घ्या आणि जोडीला कर्जत-३ सारखी बिनवासाची जात. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचीच ती. पहिली चाचणी नाकाची. ताजी पानं बारीक कापून १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात झाकून ठेवायची आणि दहा मिनिटांनी झाकण उचलून हुंगायची. १९७८ पासून भात पैदासकार हेच करतात. द्रावण दाहक आहे, हातमोजे हवेतच. हुंगणारे दोघं-तिघं असावेत आणि कुठल्या बशीत कुठला भात हे त्यांना सांगू नये.

मग पीसीआर. ब्रॅडबरींच्या चाचणीत बिनवासाच्या भाताला ३५५ अक्षर-जोड्यांची पट्टी येते, सुवासिकाला २५७ ची, आणि ५८० ची पट्टी दोघांनाही. संकरित रोपात तिन्ही दिसतात. ५८० ची पट्टीच आली नाही, तर चाचणी फसली असं समजावं. मात्र सगळ्याच सुवासिक जातींत हीच आठ अक्षरं गळालेली नसतात. त्यामुळे पट्टी ‘बिनवासाचा’ म्हणाली आणि नाक ‘वासाचा’ म्हणालं, तर नाकाला खोटं पाडू नका; उत्परिवर्तन जनुकात दुसरीकडे असू शकतं.

खरी कसोटी विकराच्या कामाची. काम करताना ते एनएडीचं एनएडीएच करतं, आणि एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आकडा किती वेगाने चढतो, तीच विकराची चाल. सुवासिक भाताच्या पानांच्या अर्कात हा आकडा शून्य यावा अशी अपेक्षा धरून पोरं बसतात, आणि तो थोडा तरी चढतो. कारण चौथ्या गुणसूत्रावरचं बीएडीएच१ हे भावंडही थोडंफार तेच काम करतं. दोघांना वेगळं काढायचं तर जनुक ई. कोलाय जीवाणूत घालून एकेक विकर शुद्ध करावं लागतं. गाठीशी मोजकेच महिने असलेल्या प्रकल्पाने तो नाद सोडावा.

उलट आकडा सपाट शून्य आला, तरी लगेच हुरळू नये. अर्क बर्फात ठेवला नाही, तर धडधाकट विकरही मरतं. म्हणून त्याच दिवशी, त्याच पद्धतीने काढलेला बिनवासाच्या भाताचा अर्क शेजारी चालवा. तो चढला नाही, तर त्या दिवसाचे सगळे आकडे वहीत खोडा आणि दुसऱ्या दिवशी ताजी पानं आणा.