स्कीचे बूट : तयारी घरी, निवड उतारानुसार

रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. बर्फावरील स्कीइंगसाठी येथील हौशी मंडळींना काश्मीरमधील गुलमर्ग किंवा उत्तराखंडमधील औली गाठावे लागते. मात्र बूट निवडण्याची पूर्वतयारी घरीच करता येते.

टाच भिंतीला टेकवून उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. स्कीच्या बुटांचे माप याच लांबीवरून ठरते, २६.५ म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटर. नेहमीच्या बुटांच्या अंदाजाने घेतलेला बूट बहुधा सैल होतो. त्यात टाच उचलली जाते आणि वळताना स्कीवरील ताबा सुटतो. पातळ पायमोजे घालून गुडघे वाकवल्यावर बोटे किंचित मागे सरकली, पण टाच जागीच राहिली, तर माप योग्य समजावे.

बुटाचा ताठरपणा ‘फ्लेक्स’ या आकड्याने दर्शवला जातो. उड्या आणि कसरतींच्या फ्रीस्टाइल प्रकारासाठी काहीसा लवचिक, टाचेखाली धक्का शोषणारा बूट सोयीचा ठरतो. सर्व प्रकारच्या उतारांवर वेगाने जाणाऱ्या अनुभवी व्यक्तींना त्याहून ताठ बूट लागतो. नवशिक्यांनी मात्र कमी फ्लेक्सचाच घ्यावा. हा आकडा सर्व उत्पादकांचा सारखा नसतो. त्यामुळे अंतिम निर्णय बूट घालून पाहिल्यावरच घेणे हिताचे.