बाइंडिंग आणि पर्फलिंग (गिटार)

बाइंडिंग म्हणजे गिटारच्या धडाच्या किंवा दांडीच्या कडेला खाच पाडून तीत बसवलेली पट्टी होय. या पट्टीला लागून आतल्या बाजूने ज्या बारीक, बहुधा काळ्या-पांढऱ्या रेघा बसवल्या जातात, त्यांना पर्फलिंग म्हणतात. साडीचा काठ आणि काठाआतली रेघ यांच्यासारखेच या दोहोंचे नाते असते.

उपयोग

पोकळ धडाच्या गिटारमध्ये बाइंडिंग केवळ शोभेचे नसते. वरची फळी आणि बाजूची पट्टी यांचा सांधा त्याखाली झाकला जातो, फळीची उघडी कड दमटपणापासून वाचते आणि लहानसहान धक्के पट्टीवरच निभावतात. व्हायोलिनमधील पर्फलिंग कडेपासून थोडे आत बसवलेले असते. कडेला पडलेली चीर त्यामुळे आत पसरत नाही. विद्युत गिटारचे भरीव धड मात्र एकसंध असल्याने तेथे हे काम मुख्यतः सौंदर्याचे उरते. गिब्सन कंपनीच्या १९५२ सालच्या ‘लेस पॉल’ गिटारला फिकट पिवळसर बाइंडिंग होते. फेंडर कंपनीच्या १९५४ सालच्या ‘स्ट्रॅटोकास्टर’च्या कडा गोलाई दिलेल्या असल्याने तिला ते नव्हते, काटकोनी कडांच्या ‘टेलिकास्टर’ला १९५९ मध्ये ‘कस्टम’ प्रकारात ते मिळाले. घरी गिटार बनवणाऱ्यानेही प्रथम काटकोनी कडेचाच आकार निवडणे शहाणपणाचे.

कृती

चिकटवण्यापेक्षा खाच पाडणे अवघड असते. राऊटरला बेअरिंग असलेली बिट लावून पट्टीच्या जाडीइतकी (बहुधा सुमारे दीड मिलिमीटर) आत आणि तिच्या उंचीइतकी खोल खाच काढतात. पर्फलिंगसाठी वरच्या बाजूस आणखी एक रुंद पण उथळ पायरी काढली जाते. धडाच्या शिंगांपाशी लाकडाच्या रेषांची दिशा बदलते आणि तेथेच कपची उडते. म्हणून एकाच फेरीत पूर्ण खोली न गाठता थोडे थोडे लाकूड काढावे, आणि आधी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर खाच पाडून पट्टी बसते का ते पाहावे. पट्टी गरम हवेने मऊ करून वळणावर बसवतात, चिकटपट्टीने जागोजाग ताणून बांधतात आणि एक दिवस सुकू देतात. जास्तीचा भाग स्क्रेपरने खरवडला जातो.

हवामानाचा परिणाम

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर हवा फार दमट असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, प्लास्टिकची पट्टी मात्र जवळजवळ तशीच राहते. पावसाळ्यात फुगलेल्या धडावर अगदी सपाट घासलेली पट्टी हिवाळ्यात बोटाला उंच लागते ती यामुळेच. सायनोॲक्रिलेट गोंद दमट हवेत लवकर आवळतो, त्यामुळे पट्टी सरळ करण्यास वेळ कमी मिळतो; उलट लाकडाचा पांढरा गोंद उशिरा सुकतो. लॅकरवर पांढुरकी झाक येते. हे काम दिवाळीनंतर करणे बरे.

साहित्य आणि मिरजेची परंपरा

गिटारवर दीर्घकाळ सेल्युलॉइड वापरले गेले. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनणारा हा पदार्थ सहज पेट घेतो. तो घासताना उडणारी भुकटी आणि कात्रणे ज्योतीपासून दूर ठेवावी लागतात. कालांतराने तो आकसतो, त्यामुळे जुन्या गिटारच्या कमरेपाशी पट्टी सुटलेली दिसते. आता एबीएस प्लास्टिक अधिक प्रचलित आहे.

महाराष्ट्रात या कलेचे सर्वांत जवळचे रूप मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवर दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून तेथे तंतुवाद्यनिर्मिती रुजली. तबलीच्या कडेने आणि दांडीवर कोरीव पट्ट्या बसवून कोरलेल्या रेषांत रंग भरण्याची तेथील पद्धत पर्फलिंगचीच भावंड म्हणावी. पूर्वी वाद्यांवर हस्तिदंतही वापरला जाई. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. आज सेल्युलॉइड आणि इतर प्लास्टिकच दिसते. मिरजेत वापरले जाणारे तुणीचे लाकूड आणि ‘लेस पॉल’चे महोगनी ही दोन्ही कडुनिंबाच्याच कुळातील आहेत. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.