एडिस्टनचा बुंधा

इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरापासून सुमारे २२ किलोमीटरवर, भरतीत बुडणारे एडिस्टनचे खडक आहेत. हेन्री विन्स्टन्लीने तिथे बांधलेला दीपस्तंभ १७०३च्या वादळात त्याच्यासकट वाहून गेला. पुढचा, लाकडी, १७५५मध्ये जळाला. मग आला जॉन स्मीटन. त्याने ओकच्या बुंध्यासारखा, तळाशी रुंद मनोरा आखला आणि सुतार फळ्या सांधतो तसे दगडी चिरे खाचांनी एकमेकांत अडकवले. पण खरी करामत चुन्याची. साधा चुना पाण्यात धुपतो. चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा मात्र पाण्याखालीही घट्ट होतो, हे त्याने प्रयोगांतून हेरलं. १७५९मध्ये वर २४ मेणबत्त्या पेटल्या. बस, तेवढाच उजेड! पुढे शतकभराने मनोरा शाबूत होता, पायाखालचा खडकच पोखरला गेला. १८८२मध्ये शेजारी नवा दीपस्तंभ उजळला. जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथला उभारला. बुंधा अजून समुद्रातच आहे.