इंजिन बसतं, पण गाडी जुळते का?

फर्ग्युसनचा ट्रॅक्टर म्हणजे काय, हे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या इंजिनाचा सख्खा भाऊ एकेकाळी स्पोर्ट्स कारमध्ये पळत होता, हे मात्र सांगावं लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने चार सिलिंडरचं एक दणकट इंजिन काढलं. फर्ग्युसनच्या करड्या टीई-20 ट्रॅक्टरला ते लागलं आणि स्टँडर्डच्या व्हॅनगार्ड या घरगुती गाडीलाही लागलं. 1950 मध्ये मॉर्गन या छोट्या कंपनीने तेच इंजिन आपल्या हलक्या दोन आसनी ‘प्लस फोर’मध्ये बसवलं. मॉर्गनचा धंदाच तसा: चासी आणि बॉडी घरची, इंजिन बाहेरचं. 1962 साली ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत मॉर्गन आपल्या गटात पहिली आली, तेव्हाही तिच्या बॉनेटखाली याच घराण्याचं दोन लिटरचं इंजिन होतं.

याच घराण्याची दुसरी सोयरीक आपल्याकडे झाली आणि ती फसली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटरने 1985 मध्ये ‘स्टँडर्ड 2000’ बाजारात आणली. बॉडी होती ब्रिटनच्या रोव्हर एसडी-1 ची, म्हणजे साडेतीन लिटरच्या व्ही-8 इंजिनाला शोभेल अशी लांब, रुबाबदार आणि जड. आत मात्र ते व्हॅनगार्डच्या वंशातलं 1991 सीसीचं म्हातारं इंजिन. किंमत भारी, पिकअप मरतुकडा. 1988 पर्यंत गाडी बंद पडली. इंजिनाचं कूळ एकच असताना एका गाडीने नाव काढलं आणि दुसरीची नाचक्की झाली. म्हणून ‘या कंपनीच्या गाडीत त्या कंपनीचं इंजिन चालेल का’ हा प्रश्नच मला तोकडा वाटतो. इंजिनावर कुणाचा शिक्का आहे याला फारसं महत्त्व नाही. त्याचं वजन आणि जोर गाडीला झेपतो का, आणि ते आल्यावर बाकीच्या गाडीत काय काय बदललं, यावर सगळं ठरतं.

हलक्या गाडीत हा हिशेब फार कडक असतो. 1996 मध्ये आलेल्या लोटस एलिसचं वजन सव्वासातशे किलोंच्या आसपास होतं. अशा गाडीत शंभर किलोंनी जड इंजिन घातलं, तर वजन जवळजवळ सातव्या हिश्श्याने वाढतं, आणि तेही सगळं एकाच टोकाला. मग स्प्रिंगा बसतात, वळणावर गाडी बाहेर ओढली जाते, टायर लवकर झिजतात. वाढलेल्या ताकदीचं दुखणं आणखी वेगळं. वेग ताशी 100 वरून 120 किलोमीटरवर गेला, की तीच गाडी थांबवण्यासाठी ब्रेकला जवळपास दीडपट ऊर्जा पचवावी लागते. पाच-सात अश्वशक्ती वाढल्याचा आनंद सगळ्यांना होतो, ब्रेकची आठवण क्वचितच कुणाला येते. लोटसला ती होती. एलिसमध्ये आधी रोव्हरचं के-सिरीज इंजिन होतं. 2004 मध्ये कंपनीने एका मॉडेलसाठी टोयोटाचं 1.8 लिटरचं, सुमारे 190 अश्वशक्तीचं इंजिन घेतलं. दोन्ही इंजिनं ॲल्युमिनियमची, म्हणजे हलकी. टोयोटाच्या इंजिनाबरोबर त्याचाच सहा गिअरचा गिअरबॉक्स आला, आणि गाडीला एबीएस व सर्वो ब्रेकही मिळाले. पुढच्याच वर्षी एमजी रोव्हर दिवाळखोरीत गेली. परक्या इंजिनावर विसंबणाऱ्याने पुरवठादाराच्या तब्येतीवरही नजर ठेवावी लागते, ती अशी.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’ ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी 1998 मध्ये आली. तिचं डिझाइन फ्रान्सच्या ल मान्स ग्रुपचं, बॉडी फायबरग्लासची, आणि इंजिन रेनोचं, 1149 सीसी आणि सुमारे 60 अश्वशक्तीचं. हेच इंजिन रेनोच्या ट्विंगो आणि क्लिओ या साध्या छोट्या गाड्यांत चालत होतं. 60 अश्वशक्तीची कसली स्पोर्ट्स कार, असं कुणी हिणवेल, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण नव्या, छोट्या कारखान्याने स्वतःचं इंजिन घडवायला घेतलं असतं, तर गाडी रस्त्यावर यायच्या आधीच भांडवल संपलं असतं. लहान, हलकं, लाखो गाड्यांत पारखलेलं इंजिन घेणं, हा त्या गाडीतला मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

यावर गॅरेजवाल्यांचा आक्षेप ठरलेला: एवढा विचार कशाला, आम्ही इंजिनं बदलतोच की. विलीजच्या घाटणीच्या जीपमध्ये खुद्द महिंद्रानेही पुढे प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन बसवलंच होतं. खरं आहे. पण जीप दणकट, तिचा वेग बेताचा आणि बॉनेटखाली जागा ऐसपैस. हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये बोटभर जागेची मारामार असते. 1964 च्या सनबीम टायगरमध्ये फोर्डचं व्ही-8 इतकं कोंबून बसवलं होतं, की एक स्पार्क प्लग काढायला इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक ठेवावं लागलं. आणि फाउंडेशनवर इंजिन चढवलं म्हणजे काम झालं असंही नाही. क्लच हौजिंगची भोकं जुळत नाहीत, ॲक्सलची लांबी बदलते, रेडिएटर अपुरा पडतो, आणि नव्या जमान्यातलं इंजिन तर स्वतःचा कॉम्प्युटर व वायरिंग बरोबर असल्याशिवाय नीट चालतच नाही. होंडाची काही जुनी इंजिनं इतरांच्या उलट दिशेने फिरत. तसलं इंजिन दुसऱ्याच्या गिअरबॉक्सला जोडलं, तर गाडीला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला पाच!

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कारखानदार पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना तपासून घेतो आणि मग कुणाचंही इंजिन लावू शकतो. एकट्या मालकाला मान्यताप्राप्त सीएनजी किंवा बॅटरी किटची वाट आहे, दुसऱ्या कंपनीच्या ताकदवान इंजिनाची नाही. ही बंदी मला अन्यायाची वाटत नाही. न तपासलेल्या ब्रेकची किंमत समोरून येणाऱ्याने का मोजावी? पण बंदी हाच एकमेव उपाय आहे, हे पटत नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या किंवा मुळापासून बदललेल्या एकेका गाडीची सरकारी केंद्रात स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर, आवाज सगळं पाहून मगच ती रस्त्यावर येते. परिवहन खात्याने अशी तपासणी इथेही सुरू करावी, फी घसघशीत ठेवावी, नापास गाडी खुशाल परत पाठवावी. तोवर ज्याला हा छंद आहे त्याने आपली गाडी बंदिस्त शर्यतीच्या ट्रॅकवरच पळवावी. धुळ्याच्या आरटीओची एमएच 18 ची पाटी लावून रस्त्यावर उतरायचं, तर गाडीतलं इंजिन आणि आरसीवरची नोंद एकच असावी लागते.