ऑनलाइन दुकानासाठी वेब डिझायनर निवडताय?

मसाले, फराळ, साड्या ऑनलाइन विकायला निघालेल्या मंडळींनो, डिझायनरला ॲडव्हान्स देण्याआधी त्याने केलेलं एखादं चालू दुकान मोबाइलवर उघडा. वायफाय बंद ठेवा. वस्तू कार्टमध्ये टाका, पिनकोड भरा, थेट यूपीआयच्या पायरीपर्यंत जा. डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पानावर अचानक कळतो का? फोन नंबरच्या रकान्यात आकड्यांचा कीपॅड उघडतो का? पत्ता लिहिताना ‘पुढे जा’चं बटण कीबोर्डखाली झाकलं जातं का? होमपेजवरच्या सरकत्या फोटोंपेक्षा मला हे कितीतरी महत्त्वाचं वाटतं, कारण आलेलं गिऱ्हाईक इथूनच परत जातं.

डोमेन, होस्टिंग आणि पेमेंट गेटवे, तिन्ही खाती तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर हवीत. डिझायनरला वेगळं लॉगिन द्या. डोमेन त्याच्या नावावर असेल आणि उद्या बिनसलं, तर दुकानाचा पत्ताच त्याच्या ताब्यात राहतो. या मुद्द्यावर अजिबात तडजोड करू नका.

दुकान उभारायला शॉपिफाय घ्यायचं की वूकॉमर्स, हे डिझायनरला कारणांसकट सांगू द्या. शॉपिफायला भाडं भरावं लागतं, पण सर्व्हर तेच सांभाळतात. वूकॉमर्स मूळ मोफत, पण होस्टिंग, अपडेट, बॅकअप आपल्याकडे. ती कामं कोण करणार आणि वर्षाला किती घेणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

शिवाय २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार परतावा-रिफंडची माहिती आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. जाणकार डिझायनर या पानांचा विषय स्वतःहून काढतो.